दूरच्या प्रेक्षकाचं नाव पुढे करू नका

प्रति,
मा. अध्यक्ष आणि कार्यकारी समितीचे सदस्य,
युएफा (युरोपीय फुटबॉल महासंघ), न्यों, स्वित्झर्लंड.

स.न.वि.वि.

पत्र कोल्हापुरातून लिहितोय. तुमचा-आमचा संबंध काय, असं वाटेल. संबंध आहे. गेली पंचवीस-सव्वीस वर्षं तुमच्या चॅम्पियन्स लीगसाठी, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या फुटबॉल स्पर्धेसाठी, मी मंगळवार-बुधवारच्या रात्री जागवल्यात, दुसऱ्या दिवशी ऑफिसात डुलक्या काढल्यात आणि सामने ज्या ज्या वाहिनीवर गेले त्या त्या वाहिनीचे पैसे भरलेत. तुमच्या हिशेबात मी ‘जागतिक प्रेक्षक’. स्पर्धा वाढवायची, मोठ्या क्लबांना आणखी जागा द्यायच्या, असं काही ठरलं की माझंच नाव पुढे केलं जातं. म्हटलं, एकदा आपणच बोलावं.

पहिली रात्र आठवते ती २६ मे १९९९ ची. बार्सिलोनात २६ तारीख होती, आमच्याकडे ती उलटून सव्वाबारा झाले होते. मँचेस्टर युनायटेड विरुद्ध बायर्न म्युनिक. माझ्याबरोबर अण्णा जागे होते. अण्णा म्हणजे माझे वडील. युरोपच्या फुटबॉलशी त्यांचं देणंघेणं नाही, पण शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळ विरुद्ध पाटाकडील तालीम असा सामना असला की दुकानाचं शटर दुपारीच खाली येणार. खेळाडू रांगेत उभे राहिले, तुमचं ते गीत सुरू झालं. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन असं तीन भाषांत असलेल्या त्या गीतातला एकच शब्द आम्हाला कळला, ‘चॅम्पियन्स’. अण्णांनी विचारलं, “ह्यातलं च्याम्पियन कोण?” मी म्हटलं, “दोघंबी. म्हणून तर च्याम्पियन्स लीग.”

पुढे शेवटच्या तीन मिनिटांत युनायटेडच्या शेरिंगहॅम आणि सोल्शारनं एकेक गोल मारून सामना कसा फिरवला ते तुम्हाला सांगायला नको. आमच्या गल्लीतली कुत्री जागी झाली एवढा आम्ही ओरडलो.

माझं उत्तर चूक होतं हे कळायला काही वर्षं गेली. त्या आधीच्या मोसमात इंग्लंडची लीग आर्सेनलनं जिंकली होती, जर्मनीची कायझर्सलाउटर्ननं. युनायटेड आणि बायर्न दोघंही आपापल्या देशात दुसरे आलेले. खेळता खेळता त्यांनी ९९ ची आपापली लीग मारली हे खरं. पण दारातून आत आले तेव्हा दोघांपैकी एकही चॅम्पियन नव्हता. अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “मग नाव बदला म्हणावं.”

नाव बदला असं मी म्हणत नाही. नाव ठेवा, पण त्या नावामागे काय होतं ते आठवा. कारण ही स्पर्धा एका चिडीतून जन्मली आणि ती चीड मला फार आवडते.

१३ डिसेंबर १९५४. वुल्व्हरहॅम्प्टनचं मोलिन्यू मैदान, दिव्यांच्या उजेडातला सामना. पाहुणे बुडापेस्टचे होनव्हेद. ज्या हंगेरीनं वर्षभरापूर्वी इंग्लंडला वेम्ब्लीवर ६-३ आणि नंतर बुडापेस्टला ७-१ असं धुतलं होतं, तिचे पुश्काश, कोचिश, चिबोर हे सगळे याच क्लबचे. मध्यंतराला होनव्हेद २-० नं पुढे. पण वुल्व्हजचे मॅनेजर स्टॅन कलिस यांनी आधीच पावसानं भिजलेल्या मैदानावर आणखी पाणी मारून घेतलं होतं. उत्तरार्धात हंगेरियनांचे बारीक पास चिखलात रुतायला लागले, इंग्रजांचे लांब फटके चालायला लागले आणि वुल्व्हज ३-२ नं जिंकले. दुसऱ्या दिवशी इंग्लिश वर्तमानपत्रानं वुल्व्हजना थेट जगज्जेते करून टाकलं.

हे वाचल्यावर एका फ्रेंच माणसाचं डोकं फिरलं. गाब्रिएल आनो. स्वतः फ्रान्सकडून खेळलेला आणि तेव्हा ‘लेकिप’ या क्रीडा दैनिकाचा संपादक. त्यानं लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की वुल्व्हज अजिंक्य वगैरे म्हणण्याआधी त्यांनी मॉस्कोला आणि बुडापेस्टला जाऊन खेळून दाखवावं. म्हणजे आमच्याकडे म्हणतात तसं, आपल्या गल्लीत कुत्रंही शेर असतं. आमच्या पेठेत या, मग बघू. एक सामना तुमच्या घरी, एक आमच्या घरी. सबंध स्पर्धा एवढ्या एका वाक्यातून उभी राहिली.

त्या वेळी तुमची संघटना जेमतेम सहा महिन्यांची होती (१५ जून १९५४, बासेल) आणि क्लबांच्या स्पर्धेत तुम्हाला रसही नव्हता. एका वर्तमानपत्रानं क्लबांना पॅरिसला बोलावलं, नियम लिहिले, जुळणी केली. मग तुम्ही ती ताब्यात घेतली. राग मानू नका. आपलं लेकरू दुसऱ्यानं जन्माला घातलंय हे कधीकधी आठवलेलं बरं असतं.

तो काळ सोवळा होता असंही मला म्हणायचं नाही. १९५५-५६ च्या पहिल्या मोसमातले सोळा क्लब ‘लेकिप’नं निवडलेले होते आणि सगळे काही चॅम्पियन नव्हते. स्कॉटलंडकडून चॅम्पियन अ‍ॅबर्डीन नाही, तर हिबर्नियन गेले. इंग्लंडचे चॅम्पियन चेल्सी जायला निघाले, तर त्यांच्याच लीगच्या मंडळींनी ‘कशाला ती युरोपची भानगड’ म्हणून त्यांना मागे खेचलं. त्यांच्या जागी वॉर्साचं ग्वार्दिया खेळलं. तेव्हा ‘पूर्वी सगळं कसं निर्मळ होतं’ हे पुराण मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, की लवकरच नियम ठरला. ज्यानं आपल्या देशाची लीग जिंकली तो, आणि गतविजेता. अण्णांना एका श्वासात सांगता येईल असा नियम.

त्या काळानं क्रूर गोष्टीही केल्या. होनव्हेदचंच बघा. १९५६ च्या हिवाळ्यात ते बिल्बावला सामना खेळायला देशाबाहेर होते आणि मागे बुडापेस्टमध्ये रशियन रणगाडे शिरले होते. परतीचा सामना घरी होणं शक्यच नव्हतं. तो झाला ब्रसेल्सला. ३-३ बरोबरी, एकूण ६-५ नं होनव्हेद बाहेर. संघातले कित्येक जण मायदेशी परतले नाहीत. पुश्काश त्यांतलाच, तो पुढे रेआल माद्रिदचा झाला आणि १९६० च्या ग्लासगोतल्या अंतिम सामन्यात आइनट्राख्ट फ्रँकफुर्टवर त्यानं एकट्यानं चार गोल केले. सामना ७-३, मैदानात सव्वा लाखाहून जास्त माणसं. ज्या गावाच्या नावानं ही स्पर्धा सुरू झाली त्या गावाला घरच्या मैदानावरचा परतीचा सामनाच मिळाला नाही, आणि त्या गावच्या पोरानं दुसऱ्याच्या अंगरख्यात करंडक उचलला. मला हे कधीही वाचलं तरी गलबलतं.

पंच नाणं उडवून निकाल लावायचे तोही काळ होता. १९६५ मध्ये लिव्हरपूल आणि कोलोन तीनदा खेळले, तीनदा बरोबरी. तिसरा सामना रॉटरडॅमला. पंचांनी दोन रंगांची चकती उडवली, ती चिखलात कडेवर उभी राहिली. पुन्हा उडवली. लिव्हरपूल पुढे गेलं. असला प्रकार परत आणा असं कोण शहाणा म्हणेल? तुम्ही ज्या सुधारणा केल्यात त्यांतल्या बऱ्याच गरजेच्या होत्या, हे मला मान्य आहे.

आत कुणी यायचं हे मूळ भांडण पुढे सुरू होतं. १९८७ ची पहिलीच फेरी. मॅराडोनाचं नेपल्स आणि रेआल माद्रिद समोरासमोर. माद्रिदचा पहिला सामना शिक्षा म्हणून रिकाम्या स्टेडियमात झाला, तो माद्रिदनं २-० जिंकला, नेपल्सला १-१. जगातला सगळ्यात मोठा खेळाडू पहिल्या फेरीतच घरी. एसी मिलान नुकतंच विकत घेतलेल्या आणि टीव्ही वाहिन्यांचे मालक असलेल्या सिल्व्हिओ बेर्लुस्कोनींना हे बघून कसंतरी झालं. एवढा माल आणि दोन रात्रींत खलास! त्यांनी जाहिरातवाल्यांकडून युरोपियन सुपर लीगचा, म्हणजे बड्या क्लबांच्या वेगळ्या स्पर्धेचा, आराखडा करून घेतला. सुपर लीग तेव्हा झाली नाही, पण ती आली तर काय, या धाकानं तुम्ही बदलायला लागलात. १९९१-९२ ला गट आले (म्हणजे एकदा हरलं तरी लगेच घरी नाही), १९९२ ला नवीन नाव, नवं गीत, ताऱ्यांचा बिल्ला. माझ्या समजुतीप्रमाणे तेव्हापासून आजपर्यंतचा प्रत्येक बदल त्याच धाकातून झालाय. कुणीतरी मोठा क्लब ‘आम्ही चाललो’ म्हणतो आणि तुम्ही आणखी एक पाट मांडता.

१९९४ ते ९७ या तीन मोसमांत तर लहान देशांच्या चॅम्पियनांना तुम्ही सरळ युएफा कपात, म्हणजे तुमच्याच दुय्यम स्पर्धेत, पाठवून दिलंत. त्यांची लीग जिंकून त्यांना चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीचंही दार उघडं नव्हतं. ते परत आत आले १९९७ ला, तेव्हा मोठ्या आठ देशांच्या उपविजेत्यांनाही सोबत घेऊन. १९९९ ला बत्तीस संघ, तिसरे, चौथे. २००३-०४ ला इंग्लंडमध्ये चौथं आलेलं लिव्हरपूल पुढच्याच वर्षी इस्तंबूलला ०-३ वरून जिंकलं. त्या रात्री मीही नाचलो, खोटं कशाला बोलू. त्याच मोसमात ते घरच्या लीगमध्ये पाचवे आले आणि गतविजेत्याला घ्यायचं की नाही यावर तुमचाच गोंधळ उडाला.

आता एक हिशेब मांडतो. १९८६ ते १९९५ या दहा वर्षांत करंडक कुणी कुणी नेला? बुखारेस्टचं स्टेआउआ, पोर्टो, पीएसव्ही, मिलान, बेलग्रेडचं रेड स्टार, बार्सिलोना, मार्सेय, आयाक्स. आठ क्लब, सात देश. २०१६ ते २०२५ या दहांत? रेआल माद्रिद पाच वेळा, मग लिव्हरपूल, बायर्न, चेल्सी, मँचेस्टर सिटी, पॅरिस. सहा क्लब, चार देश. २००४ च्या पोर्टोनंतर पाच बड्या लीगांच्या बाहेरचा एकही क्लब अंतिम सामन्यापर्यंत आलेला नाही. एकही नाही.

सगळा दोष तुमच्यावर टाकणं बरोबर नाही. त्या पहिल्या दहातली काही वर्षं १९८५ च्या हेसेल स्टेडियमातल्या दुर्घटनेनंतरच्या बंदीमुळे इंग्लिश क्लब नव्हतेच. आणि डिसेंबर १९९५ मध्ये बोसमन निकाल आला, करार संपलेला खेळाडू युरोपियन युनियनमध्ये फुकटात कुठंही जायला मोकळा झाला, युनियनमधल्या परदेशी खेळाडूंवरची मर्यादा गेली. व्हिएन्नात मिलानला हरवणारा आयाक्सचा पोरांचा संघ दोन-चार वर्षांत पांगला. न्यायालयाचा तो निकाल तुम्ही लिहिला नव्हता. पण वारा एका बाजूनं वाहतोय हे दिसत असताना शिडंही त्याच बाजूला तुम्हीच फिरवलीत.

आता माझ्या नावाकडे येतो.

१८ एप्रिल २०२१ च्या रात्री बारा क्लबांनी सुपर लीग जाहीर केली. दोन दिवसांत ती कोसळली, कारण इंग्लंडमधली माणसं स्टेडियमांबाहेर रस्त्यावर बसली. त्या दिवसांत दोन शब्द कानावर आले. वर्षानुवर्षं स्टेडियमात येणारे ते ‘वारशाचे’ प्रेक्षक आणि आमच्यासारखे दूरचे, ते ‘भविष्यातले’. माद्रिदचे अध्यक्ष पेरेझ टीव्हीवर सांगत होते की तरुण पोरांना फुटबॉलमध्ये रस राहिलेला नाही, त्यांना मोठे सामने हवेत. तुम्ही सुपर लीगला कडाडून विरोध केलात आणि त्याचं कौतुक वाटलं. पण तुमच्याच कार्यकारी समितीनं १९ एप्रिलला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, छत्तीस संघांची नवी रचना मंजूर केली. घरात चोर शिरला म्हणून ओरडायचं आणि ओरडताना दागिने स्वतःच्याच खिशात घालायचे, असं ते जरा दिसलं. त्या आराखड्यात जुन्या कामगिरीच्या जोरावर दोन क्लबांना जागा द्यायची तरतूद होती. ती २०२२ च्या मे महिन्यात मागे घेतलीत, सामने दहाचे आठ केलेत. ते चांगलं केलंत.

पण मला ‘मोठे सामनेच’ हवेत हे कुणी ठरवलं? मला कुणी विचारलेलं नाही.

माझ्या आठवणीतल्या रात्री सांगतो. २८ सप्टेंबर २०२१: शेरिफ तिरास्पोल. मोल्दोव्हाची लीग जिंकणारा, पण ट्रान्सनिस्ट्रिया नावाच्या, जगात जवळजवळ कुणीच मान्यता न दिलेल्या पट्ट्यातला क्लब. त्यानं माद्रिदमध्ये जाऊन रेआलला २-१ नं हरवलं आणि विजयाचा गोल मारला लक्झेंबर्गच्या एका गड्यानं. रात्री अडीच वाजता मी मोबाइलवर नकाशा उघडून ते तिरास्पोल शोधत बसलो होतो. त्याआधी २०१२: सायप्रसचं अपोएल उपांत्यपूर्व फेरीत. त्याआधीही असं बरंच. निम्मा युरोप मला तुमच्या सोडतीनं शिकवलाय, शाळेच्या भूगोलानं नाही.

याउलट रेआल माद्रिद आणि मँचेस्टर सिटी २०२२ ते २०२५ असे सलग चार मोसम बाद फेरीत भेटले. पहिल्या वर्षी माद्रिदनं शेवटच्या मिनिटांत दोन गोल करून तो सामना फिरवला तेव्हा अंगावर काटा आला होता. चौथ्या वर्षी मी मध्यंतराला झोपलो. जोतिबाची यात्रा दरवर्षी असते आणि दरवर्षी गर्दी होते, कारण ती वर्षातून एकदाच असते. यात्रा महिन्याला भरवली तर गुलालही विकला जाणार नाही.

म्हणून म्हणतो, दूरच्या माणसाला ओळखीच्याच चेहऱ्यांची भूक असते हा गैरसमज आहे. ओळखीचे चेहरे आम्हाला दर शनिवार-रविवारी इंग्लंड-स्पेनच्या लीगमध्ये दिसतातच. मंगळवारी रात्री जागायचं ते न बघितलेलं काहीतरी बघायला.

दूरचा प्रेक्षक मोठा आणि मैदानातला छोटा असंही मला म्हणायचं नाही. २८ मे २०२२ ला पॅरिसच्या अंतिम सामन्याला उशीर झाला, तेव्हा आम्हाला कारण सांगितलं गेलं की प्रेक्षक उशिरा आले. बाहेर लिव्हरपूलची म्हातारी माणसं आणि पोरं चेंगरत होती, त्यांच्यावर अश्रुधूर सोडला जात होता. पुढे तुम्हीच नेमलेल्या स्वतंत्र समितीनं मुख्य जबाबदारी युएफाचीच असल्याचं लिहिलं. आम्ही सहा-सात हजार किलोमीटरवर बसून तुमचा शब्द खरा मानला होता.

नव्या रचनेचं म्हणाल तर मी रुसून बसलेलो नाही. २०२४-२५ ला पहिल्यांदा छत्तीस संघांचा एकच गुणतक्ता बघितला तेव्हा वाटलं, ही कसली लीग, जिथं प्रत्येक जण आठच प्रतिस्पर्ध्यांशी खेळतो आणि प्रत्येकाचे आठ वेगळे? पण २९ जानेवारी २०२५ ची शेवटची रात्र, एकाच वेळी अठरा सामने, आमच्याकडे दीड वाजलेले, थंडीत घोंगडी पांघरून मी दोन मोबाइल आणि एक टीव्ही लावून बसलो होतो. मजा आली. सिटीनं ब्रुजला हरवलं तेव्हा सगळे म्हणाले, वाचले! तक्ता बघतो तर हरलेलं ब्रुजही चोविसावं येऊन पुढे गेलेलं. १४४ सामने खेळून छत्तीसमधले फक्त बारा घरी पाठवायचे, म्हणजे परीक्षा घ्यायची आणि दोन तृतीयांश वर्गाला वरच्या वर्गात ढकलायचं. पंधरावं आलेलं पॅरिस करंडक घेऊन गेलं. पूर्वी पूर्ण स्पर्धा १२५ सामन्यांची असायची, आता १८९ ची.

हे सगळं चालवून घेईन. चालवून न घेण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे.

२०२५-२६ च्या मोसमात कझाकस्तानचं कैरात अल्माटी आलं. अल्माटी नकाशावर बघा. कोल्हापूरच्या जवळजवळ सरळ उत्तरेला, हिमालयापलीकडे. माद्रिदपेक्षा आम्हीच त्यांना निम्म्यानं जवळ. त्यांचं घड्याळ आमच्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे. म्हणजे पश्चिम युरोपातला सामना बघायला आम्ही जागतो तेव्हा अल्माटीतला माणूसही जागा असतो. ३० सप्टेंबरला रेआल माद्रिद तिथं आलं तेव्हा आमच्याकडे सव्वादहा वाजले होते. माद्रिदनं पाच गोल घातले. असो.

त्या रात्रीपर्यंत कैरात कसं पोचलं? जुलैपासून चार पात्रता फेऱ्या. आधी ल्युब्लियानाचं ओलिंपिया (तुमच्या अध्यक्षांच्या गावचा क्लब), मग फिनलंडचं कुओपिओ, मग ब्रातिस्लाव्हाचं स्लोव्हान पेनल्टीवर, शेवटी १९६७ चा विजेता सेल्टिक, तोही २१० मिनिटं गोल न होता पेनल्टीवर. चार फेऱ्या, आठ सामने. म्हणजे आत येण्यासाठीच तेवढे सामने, जेवढे आत आल्यावर गुणतक्त्यासाठी खेळायचे असतात. आणि हा संघ आपल्या देशाचा चॅम्पियन आहे.

त्याच मोसमात न्यूकॅसल इंग्लंडमध्ये पाचवं आलं आणि विलारेआल स्पेनमध्ये पाचवं. दोघंही एकही पात्रता सामना न खेळता थेट आत. का, तर आधीच्या वर्षी त्यांच्या देशातल्या इतर क्लबांनी युरोपात चांगले गुण मिळवले म्हणून तुम्ही ठेवलेल्या दोन जादा जागा इंग्लंड-स्पेनला गेल्या. त्याआधीच्या वर्षी इटली-जर्मनीला. बोलोन्या साठ वर्षांनी परतलं तेव्हा मलाही बरं वाटलं, ते वेगळं. पण शेजाऱ्याच्या पोराला चांगले मार्क पडले म्हणून आपल्या पोराला कॉलेजात प्रवेश, असा हा प्रकार. टॉटनहॅम तर इंग्लंडमध्ये सतरावं आलं होतं. त्यांनी निदान बिल्बावला युरोपा लीग ही तुमची दुय्यम स्पर्धा जिंकली, करंडक हातात घेऊन दार वाजवलं. त्यांचं मला पटतं. अण्णांना पटत नाही. “सतरावा?” एवढंच म्हणून त्यांनी चष्मा काढून ठेवला.

आमच्या खासबागेच्या मैदानात नियम साधा. गेल्या वर्षी गदा मारलेला मल्ल आला तर त्याला मान आहे, पण त्याच्या तालमीतल्या पाचव्या पैलवानाला कुणी पुढे चाल देत नाही. त्यानंही लांग बांधून मातीत उतरावं.

तेव्हा मागणी सांगतो. छत्तीस जागांपैकी लहान-मध्यम देशांच्या चॅम्पियनांनी पात्रता खेळून मिळवायच्या जागा तुम्ही पाच ठेवल्यात. वरच्या दहा देशांचे चॅम्पियन सोडले तर चाळीसहून जास्त देशांच्या चॅम्पियनांनी या पाचांसाठी भांडायचं. त्या दोन जादा जागा काढून याच रांगेला द्या. पाचाच्या सात होतील. इंग्लंडचे चार, स्पेनचे चार तसेच राहतील, कुणाचा मूळ वाटा जात नाही. करंडक तरीही माद्रिद किंवा म्युनिकच नेईल कदाचित, नेऊ दे. पण सोडतीच्या भांड्यात दोन अनोळखी नावं जास्त पडतील आणि त्या देशांत लीग जिंकण्याला किंमत येईल.

पैशांचंही एकदा बघा. २०२४-२५ पासून आत आलेल्या प्रत्येक क्लबला किमान १ कोटी ८६ लाख २० हजार युरो मिळतात, जिंकलेल्या सामन्याला २१ लाख. हे ठीक. पण एकूण रकमेतला ३५ टक्के हिस्सा टीव्ही बाजार किती मोठा आणि गेल्या पाच-दहा वर्षांत क्लबानं काय केलं यावर वाटला जातो. हा म्हणजे सातबारा. ज्याच्या नावावर आधीच जमीन आहे त्यालाच नवं बियाणं. समान वाटपाला साडेसत्तावीसच टक्के. हे दोन आकडे आपसात बदललेत तरी पुष्कळ होईल. अल्माटी किंवा नॉर्वेतल्या बोडोसारख्या गावच्या क्लबाला एका मोसमाचा पैसा दहा वर्षं पुरतो हे खरं आहे. त्यातून त्यांच्याच देशात एकच क्लब दरवर्षी जिंकत राहतो ही नवी पंचाईतही होते. त्यावर माझ्याकडे औषध नाही. तुमच्याकडे अभ्यासाला माणसं आहेत, त्यांना बसवा.

हे मी का सांगतोय? तुम्ही जे करता ते इकडे उतरतं म्हणून. आशियाई महासंघानं २०२४ पासून आपल्या स्पर्धांची उतरंड नव्यानं लावली: वरती एलिट, खाली टू, त्याच्या खाली चॅलेंज. एफसी गोवा २०२१ ला आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळलेला पहिला भारतीय क्लब. मुंबई सिटीनं पुढच्याच वर्षी इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून त्या स्पर्धेतला भारताचा पहिला विजय मिळवला, तेव्हा आम्ही १९५४ च्या इंग्लिश वर्तमानपत्रांसारखे चढून गेलो नाही, पण छाती फुगली. नव्या उतरंडीत गोव्यानं ऑक्टोबर २०२५ ला फातोर्ड्यावर सौदीच्या अल-नासरला अंगावर घेतलं, ते दुसऱ्या पायरीवर. पहिल्या पायरीचं दार लहानांना किती उघडं ठेवायचं हे तुमच्याकडे बघून ठरतं. कोल्हापूरचा अनिकेत जाधव १७ वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला, तेव्हापासून आमच्या पेठांतल्या पोरांना वाटतं की मैदानाच्या पलीकडे रस्ता आहे. तो रस्ता कुणाच्या तरी गुणांकावर अडू नये.

या मोसमाचा अंतिम सामना ३० मे २०२६ ला बुडापेस्टला ठेवलात. मैदानाचं नाव पुश्काश. आनोनं वुल्व्हजना जिथं जाऊन दाखवा म्हटलं होतं तेच हे गाव. एकाहत्तर वर्षं लागली अंतिम सामन्याला तिथं पोचायला. होनव्हेद मात्र २०२३ ला हंगेरीच्याच वरच्या विभागातून खाली घसरलं. शक्य झालं तर त्या संध्याकाळी त्या क्लबच्या चार जुन्या माणसांना चांगल्या जागा द्या. पाहुण्यांच्या पासांतून काढा.

आणि सामना संध्याकाळी सहाला सुरू करण्याचा निर्णय घेतलात त्याबद्दल मनापासून आभार. तुम्ही तो तिथल्या कुटुंबांसाठी आणि रात्री परतणाऱ्यांसाठी घेतलात, आमच्यासाठी नाही, पण आमच्याकडे ते साडेनऊ होतात. अण्णा आता दहाला झोपतात. १९९९ नंतर पहिल्यांदा त्यांना मध्यंतरापर्यंत तरी बसवता येईल. मे अखेरीला इकडे वळीव असतो, आणि वळीव आला की वीज जाते. ते काही तुमच्या हातात नाही.

कळावे,

आपला,
एक दूरचा प्रेक्षक
शिवाजी पेठ, कोल्हापूर